पहिला नंबर आला तरी वर्ग तोच : अमेरिकेतला खालच्या डिव्हिजनचा सॉकर

फ्रंटियरकाका – शनि, १२/०७/२०२५

विंबल्डनच्या धाग्यावर नेहमीप्रमाणे गाडी घसरली आणि कुणीतरी विचारलं, "अमेरिकेत खालच्या लीगमधली टीम सारखी जिंकत राहिली तर वरच्या लीगमध्ये जाते का हो?" मी "नाही" एवढंच टंकून झोपायला जाणार होतो. पण त्या "नाही"मागे शंभर वर्षांची भानगड आहे आणि तिचा एक तुकडा मी तिकीट काढून पाहिलाय. म्हणून वेगळा धागा.

मी १९९७ साली रॉचेस्टरला आलो. राज्य न्यूयॉर्क, पण न्यूयॉर्क शहर गाडीने पाच-साडेपाच तासांवर. कोडॅकचं गाव, मे उजाडेपर्यंत थंडी. शेजारचा एक घानाचा मित्र म्हणाला, चल, राइनोज बघायला. रॉचेस्टर रेजिंग राइनोज, म्हणजे चवताळलेले गेंडे. फ्रंटियर फील्ड हे मूळ बेसबॉलचं मैदान, त्यात सॉकरचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, आयत कसाबसा कोंबलेला. मला वाटलं दोन-तीनशे टाळकी असतील. आत बघतो तर दहा हजारांवर माणूस. दुसऱ्या डिव्हिजनची टीम, आणि तेव्हाच्या एमएलएसमधल्या (मेजर लीग सॉकर, इथली पहिली डिव्हिजन) काही टीमांपेक्षा हिची गर्दी जास्त.

मग आलं १९९९. अमेरिकेत ओपन कप नावाची स्पर्धा आहे, इंग्लंडच्या एफए कपसारखी. १९१३-१४ पासून अखंड चालत आली होती (कोविडने २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं खाल्ली). हौशी टीमपासून एमएलएसपर्यंत सगळ्यांना दार उघडं. त्या वर्षी राइनोजनी आधी शिकागो फायरला घालवलं. हे शिकागो म्हणजे आदल्या वर्षी एमएलएस कप आणि ओपन कप दोन्ही जिंकलेले. मग डॅलस, मग कोलंबस. फायनलला कोलोराडो रॅपिड्स, २-०. चार एमएलएसच्या टीमा पाठोपाठ. १९९६ला एमएलएस सुरू झाल्यापासून आजपर्यंत त्या लीगबाहेरच्या दुसऱ्या कुणाला हा कप जिंकता आलेला नाही.

आणि पुढच्या वर्षी राइनोज कुठे खेळले? तिथेच. २००० आणि २००१ला त्यांनी आपली लीगही जिंकली. त्याच्या पुढच्या वर्षी कुठे? तिथेच.

इथे पॉइंट्स टेबलावरून डिव्हिजन ठरतच नाही. दरवर्षी अमेरिकेचं फुटबॉल फेडरेशन लीगला शिक्का मारून देतं, ही पहिली, ही दुसरी, ही तिसरी. शिक्क्याच्या अटी वाचल्यात तर बँकेच्या कर्जाचा फॉर्म वाटेल. पहिल्या डिव्हिजनला स्टेडियम किमान १५,००० आसनांचं, दुसऱ्याला ५,०००, तिसऱ्याला १,०००. मुख्य मालकाची वैयक्तिक संपत्ती पहिल्याला ४ कोटी डॉलर, दुसऱ्याला २ कोटी, तिसऱ्याला १ कोटी. शिवाय टीमा किती टाइम झोनमध्ये पसरल्या आहेत, गावांची लोकसंख्या किती, हेही. गोल किती मारले हा रकाना त्यात नाही.

राइनोजना वर जायचं तर एकच रस्ता होता, एमएलएसचं सभासदत्व विकत घेणं. त्या आशेवर २००६ला पेटेक पार्क नावाचं सॉकरचं स्टेडियम उभं राहिलं. दोन वर्षांत मूळ मालकांच्या हातून क्लब गेला. २०१५ला आम्ही नेहमीच्या मोसमात एकही मॅच न हरता लीग जिंकलो, आणि २०१७च्या शेवटी क्लबने "विश्रांती" जाहीर केली. २०२१ला लेस्टरचा जेमी वार्डी भागीदार म्हणून आला तेव्हा गावात दोन दिवस दिवाळी होती. २०२२चा एक मोसम नव्या नावाने खेळले, मार्च २०२३मध्ये कुलूप.

सध्या थांबतो. जुना इतिहास कुणाला माहीत असेल तर भर घालावी.

---

पंचगंगाकाठ – शनि, १२/०७/२०२५

काका, लई भारी. पण मला एक कळंना. आमच्याकडं कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. तालमीची टीम ही पेठेची. ती जिंको, हरो, पेठ तिथंच. तुमच्याकडं क्लबचा मालक म्हणजे नेमका कोण? उद्या त्यानं टीम उचलून दुसऱ्या गावाला नेली तर?

---

फ्रंटियरकाका – शनि, १२/०७/२०२५

पंचगंगाकाठ, नेतात की! २०१०पर्यंत टेक्सासात ऑस्टिन एझ्टेक्स नावाची टीम होती. मोसम संपला आणि मालकाने बिऱ्हाड फ्लोरिडात हलवलं. तीच पुढे ऑर्लँडो सिटी. २०११ आणि २०१३ला खालची लीग जिंकली आणि २०१५ला एमएलएसमध्ये गेली. "जिंकून गेली" असं वाटतं, पण गेली ती प्रवेश फी भरून. टोरँटोने २००७ला १ कोटी डॉलर भरले होते. सिनसिनाटीने २०१८ला १५ कोटी. शार्लटने त्यानंतर सव्वाबत्तीस... चुकलो, साडेबत्तीस कोटी. सिअॅटल, पोर्टलंड, व्हँकूवर, मिनेसोटा, नॅशव्हिल, ही सगळी नावं आधी खालच्या लीगमध्ये रुळलेली. नाव तेच, रंग बहुतेक तेच, पण कागदावर जुनी कंपनी बंद आणि नवी फ्रँचायझी चालू.

सिनसिनाटीचं उदाहरण तर अजब आहे. २०१६ला जन्मले, २०१७ला ओपन कपच्या सेमीफायनलला पोचले. कोलंबसला हरवलं, शिकागोला पेनल्टीवर काढलं, न्यूयॉर्क रेड बुल्सकडून जादा वेळेत २-३ हरले. विद्यापीठाच्या निपर्ट स्टेडियमवर तीस हजारांवर लोक. ती गर्दी बघूनच एमएलएसचं मन वळलं असं सगळे म्हणतात. म्हणजे मैदानाचा उपयोग झाला, पण जाहिरात म्हणून.

---

मिलसिटी – रवि, १३/०७/२०२५

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, फॉल रिव्हरपासून अर्ध्या तासावर, त्यामुळे जुन्या काळाची भर माझ्याकडून. आजी लालबागची, गिरणीतली. फॉल रिव्हर बघितल्यावर मला पहिल्यांदा लालबाग आठवलं होतं. दगडी कापड गिरण्या, आता त्यांत गोदामं आणि स्वस्त कपड्यांची दुकानं. गिरणगावात कबड्डी, इथे सॉकर.

१९२१ला अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली तेव्हा हा खेळ खालच्या डिव्हिजनचा नव्हताच. पेनसिल्व्हेनियात बेथलहेम स्टील कंपनीची टीम होती. स्कॉटलंडहून खेळाडू आणायचे आणि कारखान्यात नोकरी द्यायचे. पाच वेळा ओपन कप. त्यांच्या आर्ची स्टार्कने १९२४-२५च्या एका लीग मोसमात ६७ गोल मारले. आमच्या फॉल रिव्हर मार्क्समनचा मालक होता सॅम मार्क. टीमला नाव स्वतःचं आणि स्टेडियमलाही स्वतःचं. आता गंमत ऐका. गिरणी कामगाराला सुट्टी फक्त रविवारी, आणि मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने रविवारी पैसे घेऊन खेळ बंद. म्हणून पठ्ठ्याने स्टेडियम बांधलं ते राज्याची हद्द ओलांडून ऱ्होड आयलंडमधल्या टिव्हर्टनला! गाव फॉल रिव्हर, मैदान दुसऱ्या राज्यात. ओपन कप चार वेळा, १९२४, १९२७, १९३०, १९३१.

मग १९२८ला भांडण लागलं. लीग म्हणाली, मोसमाच्या मधोमध ओपन कप नको. फेडरेशन म्हणालं, खेळायलाच हवं. बेथलहेमसह तीन क्लबांनी लीगचं न ऐकता कपमध्ये नाव घातलं, तर लीगने त्यांना काढून टाकलं. फेडरेशनने उलट लीगलाच बेकायदा ठरवलं आणि शेजारी दुसरी लीग उभी केली. इथले लोक त्याला सॉकर वॉर म्हणतात. समझोता होईतो १९२९ची मंदी दारात. बेथलहेम स्टील १९३०ला बंद, लीग १९३३ला संपली. त्याच नावाची दुसरी लीग लगेच निघाली आणि १९८३पर्यंत चालली, पण ती लहान मैदानांची, अर्धवेळ खेळाडूंची. खालच्या डिव्हिजनचा फुटबॉल खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला असं मी म्हणेन. फक्त डोक्यावर वरची डिव्हिजन नव्हती.

१९५०च्या वर्ल्डकपमध्ये बेलो होरिझोंतेला अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं, तो गोल मारणारा जो गेत्जेन्स ह्याच लीगमधल्या ब्रुकहॅटनचा. मूळ हैतीचा, कोलंबिया विद्यापीठात हिशेबनीस व्हायला आलेला, हॉटेलात भांडी घासून खर्च भागवणारा. त्या टीमचा गोली शववाहिका चालवायचा.

---

फोंडेकर – रवि, १३/०७/२०२५

मिलसिटी, तुम्ही फॉल रिव्हर म्हणालात आणि पोंता देल्गादाचं नाव घेतलं नाही? आझोरेस बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज लोकांचा क्लब. १९४७ला त्यांनी ओपन कप आणि हौशींचा राष्ट्रीय कप असे दोन्ही उचलले. फेडरेशनने तीच टीम थेट देशाची टीम म्हणून हवानाला पाठवली. मेक्सिकोने पाच घातले आणि क्युबाने पाच, ते सोडा. पण एका मोहल्ल्याचा क्लब देशाचा गणवेश घालून गेला, हे कुठे ऐकलंय का?

कंपनीची टीम म्हणाल तर आमच्या गोव्यात धेंपो, साळगावकर, सेझा ही सगळी खाणवाल्यांचीच. मुंबईत मफतलाल होती, ऑर्के मिल्स होती. मालकाची हौस टिकली तोवर टीम टिकली. आणि फ्रँचायझी लीगचं म्हणाल तर २०१४ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली, २०१६ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब आय-लीग ह्या देशाच्या जुन्या लीगमधून बाहेर पडले. पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला धेंपो आणि त्याला वर जायला वाट नाही. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये बढती पंजाबच्या टीमपासून सुरू झाली ती २०२३ला. धेंपो खालून खेळत २०२४ला परत आय-लीगपर्यंत आला.

---

रोखठोक – रवि, १३/०७/२०२५

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता राहवत नाही. सगळे भावनेत वाहताय. बढती-उतरती म्हणजे काय ते पैसे घालणाऱ्याच्या बाजूने बघा. आज तीस-चाळीस कोटी डॉलर घालायचे, स्टेडियम बांधायचं, आणि एक वाईट मोसम गेला की खाली? कोण घालेल? एमएलएसच्या आधीची पहिली डिव्हिजन म्हणजे जुनी एनएएसएल (नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग), तिने १९७८ला २४ टीमा केल्या होत्या. पेले, बेकेनबाउर, सगळा थाट. १९८४ला उरल्या नऊ आणि लीग बुडाली. पुढे अकरा वर्षं देशात पहिली डिव्हिजनच नव्हती. एमएलएसने कुलूप लावून घर सांभाळलं म्हणून ते उभं आहे. काकांचे राइनोज वर गेले असते आणि दोन वर्षांत परत आले असते तर तेव्हाही इथेच रडले असते.

---

फ्रंटियरकाका – सोम, १४/०७/२०२५

रोखठोक, रडलो असतो हे मान्य. पण रडायला कारण तरी मैदानावरचं मिळालं असतं.

तुमचा एनएएसएलचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळत नाही. त्या अकरा वर्षांत काय झालं ते मात्र खालच्या डिव्हिजनचं खरं बाळंतपण आहे. टँपा बे राउडीजमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस्को मार्कोसने १९८६ला नैऋत्येकडच्या राज्यांत एक इनडोअर लीग काढली. तिची नावं इतक्या वेळा बदलली की आद्याक्षरं तीच ठेवून अर्थ बदलत गेले. आधी साउथवेस्ट इनडोअर, मग साउथवेस्ट इंडिपेंडंट, मग सनबेल्ट, शेवटी १९९९ला युनायटेड सॉकर लीग्ज, म्हणजे यूएसएल. दर गावात जो हौशी माणूस मैदानाचं भाडं आणि जर्सीचा खर्च काढू शकेल त्याला टीम. थ्रो-इनऐवजी पायाने बॉल आत मारायचा प्रयोगही तिथे झाला. हर्शी ह्या चॉकलेटच्या गावात वाइल्डकॅट्स होते, आयोवात डे मॉइन मेनेस म्हणजे शब्दशः उपद्रव. त्यातून रिचमंड किकर्स आणि चार्ल्सटन बॅटरी, दोन्ही १९९३चे, आजही खेळताहेत. किकर्सनी तर १९९५ला ओपन कप जिंकला होता.

हेच किकर्स २००५ला दुसऱ्या डिव्हिजनच्या फायनलला होते. सिअॅटलकडून पेनल्टीवर हरले. २००६ला ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये दिसले. कुणी ढकललं नाही, स्वतः उतरले. विमानांचा खर्च झेपेना. चार्ल्सटनने २०१०ला तेच केलं. म्हणजे रोखठोक, उतरती इथेही आहे, फक्त ती हिशेबनीस जाहीर करतो.

---

रोखठोक – सोम, १४/०७/२०२५

हाहा, हे चांगलं आहे. पण बघा, तुम्हीच माझं म्हणणं सिद्ध करताय. ज्याच्याकडे पैसा नाही तो वरती टिकणार नाही, मग टेबल काहीही म्हणो. आणि न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबचं काय? त्यांनीही "आम्ही स्वतंत्र" म्हणून बघितलं ना?

---

फ्रंटियरकाका – सोम, १४/०७/२०२५

बघितलं. थोडक्यात सांगतो, कारण हा भाग कोर्टकचेरीचा आणि कंटाळवाणा आहे. २००९ला यूएसएलची विक्री झाली, ती न पटलेल्या मालकांनी फुटून नवी एनएएसएल काढली. २०१०ला फेडरेशनने दोघांना एकत्र बसवून एक मोसम स्वतःच चालवला. २०११पासून नवी एनएएसएल दुसऱ्या डिव्हिजनच्या शिक्क्यावर. नवं कॉसमॉस २०१३ला त्यात आलं, तीन वेळा जिंकलं, २०१५ला रिअल माद्रिदचा राउलसुद्धा खेळून गेला. त्याच लीगमधल्या मायामीचा प्रशिक्षक होता इटलीचा नेस्टा, जो त्याआधी चेन्नईयनकडून आयएसएल खेळला होता. सप्टेंबर २०१७मध्ये फेडरेशनने पुढच्या वर्षाचा शिक्का नाकारला आणि लीग संपली. खटला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात सात वर्षं चालला, फेब्रुवारी २०२५मध्ये ज्युरीने एनएएसएलच्या विरोधात निकाल दिला. कॉसमॉस आता २०२६पासून यूएसएलच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये येतंय, न्यू जर्सीत पॅटरसनच्या हिंचलिफ स्टेडियमवर.

ह्याच कॉसमॉसने पेलेला घेऊन १९७७ला ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ केलं होतं. तिथून पॅटरसनची तिसरी डिव्हिजन, हा प्रवास मला राइनोजपेक्षाही लांबचा वाटतो.

---

डेट्रॉइटची वहिनी – मंगळ, १५/०७/२०२५

सगळे पुरुष मालकांबद्दलच बोलताय, म्हणून माझी बाजू. आम्ही मिशिगनात. डेट्रॉइट सिटी एफसी २०१२ला पाच मित्रांनी काढला, हौशी लीगमध्ये, शाळेच्या मैदानावर. गर्दी मावेना म्हणून २०१६ला हॅमट्रॅमिकचं कीवर्थ स्टेडियम घ्यायचं ठरवलं. १९३६मध्ये मंदीतल्या रोजगार योजनेतून बांधलेलं, उद्घाटन रूझवेल्टने केलेलं, तेव्हा पडायला आलेलं. कर्ज कुणी देईना, तर क्लबने लोकांकडूनच रोखे विकून ७,४१,२५० डॉलर उभे केले. देणगी नाही हं, व्याजासकट परतफेडीच्या बोलीवर उसने.

हॅमट्रॅमिक हे एकेकाळी पोलिश लोकांचं गाव, आता बांगलादेशी आणि येमेनी वस्ती. मॅचच्या आधी सिल्हेटी हॉटेलात भात-मासे खायचे आणि मग समर्थकांनी केलेल्या धुरात जाऊन बसायचं. समर्थकांच्या बाजूला बसायचं तर मुलांचे कान झाका, तिथल्या शिव्या ऐकून आमच्या यजमानांना परळचे दिवस आठवतात. २०२२पासून आम्ही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आहोत. कशाने गेलो? काका म्हणतात तसंच, अर्ज करून. पण एमएलएसमध्ये जायचं का असं स्टँडमध्ये विचारून बघा, मार खाल.

---

पंचगंगाकाठ – मंगळ, १५/०७/२०२५

वहिनी, नाद खुळा! रोखे काढून स्टेडियम! आमच्या तालमीत वर्गणीचं पुस्तक फिरवतात, तसंच की. टेनेसीत चॅटनुगा म्हणून आहे ना, त्यांनीपण लोकांना शेअर विकल्याचं वाचलं होतं.

---

डेट्रॉइटची वहिनी – मंगळ, १५/०७/२०२५

हो, २०१९ला. आणि २०१५ला त्यांच्या हौशी लीगच्या फायनलला १८,२२७ लोक आले होते. हौशी, बरं का. खेळाडूंना पगार नाही.

---

मिलसिटी – बुध, १६/०७/२०२५

एक बातमी राहिली. मार्च २०२५मध्ये यूएसएलच्या मालकांनी बहुमताने बढती-उतरती मान्य केलीय. २०२७-२८ला स्वतःची पहिली डिव्हिजन काढून तिन्ही पायऱ्यांत खाली-वर सुरू करायचं म्हणताहेत. काका, तुमचं मत?

---

फ्रंटियरकाका – बुध, १६/०७/२०२५

झाली तर पहिल्या मॅचचं तिकीट काढीन. पण पंधरा हजार आसनं आणि चार कोटी डॉलरची अट तशीच आहे. समजा तिसऱ्या डिव्हिजनचा, तीन हजारांच्या मैदानावरचा क्लब पाठोपाठ दोन वर्षं पहिला आला. मग? आसनं रातोरात कुठून येणार? तेव्हा फेडरेशन सूट देतं का ते बघायचं. शिवाय ओपन कपमध्ये २०२४ला एमएलएसने आपल्या आठच मुख्य टीमा पाठवल्या, बाकीच्यांनी पाठच फिरवली. दुसऱ्या डिव्हिजनच्या सॅक्रामेंटोने २०२२ला सॅन होजे, गॅलक्सी आणि कॅन्सस सिटी अशा एमएलएसच्या तिघांना हरवून फायनल गाठली होती. असा पाहुणा कुणाला आवडतो?

---

रोखठोक – बुध, १६/०७/२०२५

ते जाऊ द्या. मघापासून एकच प्रश्न छळतोय. चार्ल्सटन बॅटरी. क्लबचं नाव बॅटरी का? सेल बनवायचा कारखाना होता का?

---

फ्रंटियरकाका – बुध, १६/०७/२०२५

तोफांची. बंदराच्या टोकाला जुना तोफखाना होता, त्या धक्क्याला अजून बॅटरीच म्हणतात. तोफा तिथेच ठेवल्यात, पोरं त्यांच्यावर चढून फोटो काढतात.